हिरव्या ठिपक्याच्या गावी

चिपळूणच्या बाईने पूर बघायला मराठवाड्यात जायचं, हे ऐकून शेजारच्या साठेकाकू म्हणाल्या, "का गं, इथला कमी पडला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर, घड्याळाच्या जरा खाली, एका वर्षीच्या पाण्याची रेघ अजून दिसते. तीनदा रंग दिला तरी दिसते. पण मी पूर बघायला चालले नव्हते. पुरावर मात कशी केली, ते बघायला चालले होते.

हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून मी घरबसल्या भाषांतरं करते. एका कंपनीने 'सावधसखा' नावाचं अ‍ॅप काढलं आहे. नदीत एक खांब उभा करायचा, खांबाने पाणी मोजायचं, आणि पाणी वाढलं की गावकऱ्यांच्या मोबाइलवर इशारा जायचा. शिवाय त्याच अ‍ॅपमध्ये 'समृद्धी' नावाचा दुसरा विभाग आहे, तो गावातली गरिबी कमी करतो. एकाच अ‍ॅपने पूर आणि गरिबी दोन्ही कशी ओसरतात हे मला उमगलं नव्हतं. पण दोन्हींचं मराठी मीच केलं होतं, त्यामुळे आता विचारायची सोय नव्हती.

कन्नड तालुक्यात, पिशोरच्या पुढे, नदीकाठचं एक गाव कंपनीच्या यादीत पहिलं आलं होतं. तिथे जाऊन यशोगाथा लिहायची, असं मला सांगण्यात आलं. थोड्याच दिवसांत या कामाला पैसे देणारे पाहुणे दिल्लीहून येणार होते आणि त्यांच्या हातात छापील पुस्तिका द्यायची होती. मी बॅग भरली. काकूंनी वाटेत खायला आंबापोळी दिली, आणि सप्टेंबर संपता संपता मी छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनावर उतरले.

क्रांती चौक

स्टेशनावर निखिल आला होता. सिडकोतल्या कुलकर्ण्यांचा मुलगा, तिशीचा, कंपनीचा इथला माणूस. अंगात कंपनीचा निळा शर्ट, काखेत टॅब. पुढच्या चार दिवसांत तो टॅब त्याने खाली ठेवलेला मी फक्त दोनदा पाहिला. दोन्ही वेळा पुढे सांगणारच आहे.

कंपनीचं कार्यालय क्रांती चौकात, एका साड्यांच्या दुकानाच्या वर. आत एका भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा दाखवणारा मोठा पडदा होता. गावोगावी ठिपके. हिरवा म्हणजे सुरक्षित, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे पळा. सगळे ठिपके हिरवे होते.

"लाल कधी झाला होता का?" मी विचारलं.

"नाही मॅडम," निखिल अभिमानाने म्हणाला. "एकदाही नाही."

पडद्याच्या शेजारी, चौकटीत लावलेला माझा इशारा होता. आपलं लिखाण असं भिंतीवर पाहून मी जरा सुखावले. मजकूर असा: 'नदीपात्रातील जलपातळीत लक्षणीय वाढ संभवत असून सखल भागातील नागरिकांनी विहित मार्गाने सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे व पुढील सूचनांची प्रतीक्षा करावी.' व्याकरणात खोट काढून दाखवावी कोणीही.

मग निखिलने 'समृद्धी'चा आलेख उघडला. मी जाणार होते त्या गावाची रेघ सरळ वर चढलेली. "हे बघा, रोज संध्याकाळी सात ते आठ सगळ्यात जास्त वापर. बायका कामं आटोपतात आणि आपले धडे वाचतात. शेळीपालन, बचत, बाजारभाव, सगळं. अ‍ॅप जितक्या वेळा उघडलं जाईल तितके समृद्धी गुण. या गावातली चाळीसेक घरं गुणांच्या हिशेबाने गरिबीतून बाहेर आली आहेत."

"त्यांना कळवलंय का?"

निखिल हसला. मी गंभीरपणे विचारलं होतं. इतक्यात लाइट गेली. जिल्ह्यातले सगळे ठिपके एकदम काळे झाले, आणि कार्यालयातली माणसं न बोलता, रोजची सवय असल्यासारखी, खाली चहाला गेली.

जेवायला निखिलने मला नान-खलिया खायला नेलं. आमच्याकडे मटण म्हणजे वाटणाचं, खोबऱ्याचं, दाट. इथला खलिया पातळ, वर तेलाचा लाल तवंग, आणि तो पिवळा चकचकीत नान त्यात बुडवला की सगळं पिऊन टाकतो. पहिल्या घासाला मला हे जेवण कळलं नाही, तिसऱ्याला कळलं, आणि नंतर मी बोलायची थांबले. निखिलने दोन वेळा खलिया मागवला आणि म्हणाला, "मॅडम, यशोगाथेत हे नका लिहू. घरी आईला माहीत नाही." यशोगाथेत नाही लिहिलं. इथे लिहिते आहे.

दौलताबादवरून पुढे

सकाळी सलीमभाईंची जीप आली. सलीमभाई साठीचे, दाढी मेंदीने रंगवलेली, गाडी चालवताना रस्त्यापेक्षा आभाळाकडे जास्त बघणारे. दौलताबादेला रस्त्याच्या कडेने सीताफळांच्या टोपल्या लागल्या होत्या, तिथे त्यांनी न विचारता गाडी थांबवली.

सीताफळं विकणाऱ्या बाईकडे मोबाइलने पैसे घ्यायची ती बोलकी पेटी होती. निखिलने पैसे पाठवले आणि पेटी टोपलीतूनच ओरडली, पैसे आले म्हणून. रस्त्यापलीकडच्या पेरूवालीनेही मान वर करून पाहिलं. "देखो मॅडम," सलीमभाई म्हणाले, "मशीन ऐसी होना. मालकिन को पढना नहीं आता, मगर पैसा आया तो समझता." निखिलने ऐकलं नाही. तो किल्ल्याचा फोटो काढत होता. मी ऐकलं, पण सीताफळाच्या बिया थुंकायला जागा शोधत होते, त्यामुळे त्यावर विचार केला नाही.

वेरूळची गर्दी मागे पडली, कन्नड मागे पडलं. पिशोरला आठवडी बाजार भरला होता. पोत्यांवर पोती आल्याची. आमच्याकडे आलं म्हणजे चहापुरतं, अंगणाच्या कडेला. इथे त्याला अद्रक म्हणतात आणि डोळा पोचेल तिथवर त्याचीच शेतं. वाफ्यांवर हिरवे कंबरभर उंचीचे दांडे, आणि काचेतून आत येणारा ओल्या मातीचा, पानांचा तिखटसर वास. कोकणी माणसाला ऊन आणि हिरवळ एकाच वेळी बघून जरा फसवल्यासारखं वाटतं. आमच्याकडे हिरवळ असेल तर ऊन नसतं.

कौसाबाईंच्या घरी

माझी राहायची सोय कौसाबाईंच्या घरी होती. साठीच्या आसपासची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी बाई. घरात त्या आणि त्यांची सून सुनीता. मुलगा वाळूजला कारखान्यात, पंधरवड्याला एकदा येणारा. पिशोरपासून इथवर बहुतेक घरांतून हीच रीत. बाप्ये शहरात, बाया शेतात.

निखिलने माझी ओळख करून दिली, "मावशी, या मॅडमनी आपल्या अ‍ॅपचं मराठी लिहिलंय."

"व्हय का?" कौसाबाईंनी मला नीट न्याहाळलं. "म्हंजी तुम्हाला समजतंय ते?"

संध्याकाळी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे धान्यं भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ. त्याची आमटी जिभेला झणझणीत आणि पोटाला शांत. मी तीन वाट्या प्यायले. जेवण चालू असतानाच, सातच्या सुमाराला लाइट गेली. सुनीताने कनवटीचा मोबाइल काढला, सावधसखा उघडला, आणि खोलीत प्रकाश पडला.

"यात बॅटरी हाय ना," ती म्हणाली. "लई उजेड पडतोय. फोनातल्या बॅटरीपेक्षा चांगला."

मला आठवलं. पुरात अडकलेल्यांसाठी अ‍ॅपमध्ये विजेरीचं एक बटण होतं, आणि त्याचं मी 'आपत्कालीन प्रकाश' असं भाषांतर केलं होतं. दारातून बाहेर पाहिलं तर गल्लीत घराघरांतून तोच पांढरा उजेड. क्रांती चौकात या वेळी आलेख वर चढत असणार. अख्खं गाव अंधारात भाकरी खात होतं आणि गरिबीतून बाहेर पडत होतं.

निखिलने पाहिलं. भाकरीचा तुकडा मोडून बराच वेळ हातात धरून बसला.

"आणि पाण्याचा इशारा?" मी विचारलं. "तो येतो का?"

"आमच्या फोनावर नाय येत," सुनीता म्हणाली. "घरच्या मुख्य माणसाचा नंबर लिहून घेतला त्यांनी. तो यांच्या फोनावर जातो, वाळूजला. पन कामावर असले म्हंजी फोन कपाटात ठिवावा लागतो. चहाच्या सुट्टीत बघतात."

म्हणजे नदी इथे वाढणार, इशारा वाळूजच्या एका लोखंडी कपाटात वाजणार, आणि चहाच्या सुट्टीत सुनीताचा नवरा बायकोला फोन करून सांगणार की घरामागे पूर आलाय.

"मग तुम्हाला कसं कळतं?"

कौसाबाईंनी चुलीमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे कोळशाने बारा-तेरा नंबर लिहिले होते. वरच्या अंगाच्या गावात त्यांची बहीण द्वारका राहते. तिथे नदीला पाणी चढलं की ती कौसाबाईंना फोन करते. कौसाबाई या नंबरांना करतात. त्यातली शेवटची बाई खालच्या गावाला करते. "ते पानी इथं यायला टाइम लागतोय," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात मानूसबी निघतं, बकरीबी निघती."

"मावशी, हे आपल्या सिस्टीमला जोडता येईल," निखिल उत्साहाने म्हणाला.

"कशाला?" कौसाबाई म्हणाल्या. "चालतंय ना."

नदीत

दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे होते. गाव अलीकडे उंचावर, आणि नदीच्या पलीकडे, सखल पट्टीत, कौसाबाईंची अद्रक. मध्ये नदीवर सिमेंटची बुटकी फरशी, जिच्यावरून पाणी नेहमीच घोट्याएवढं वाहतं. फरशीच्या पलीकडच्या टोकाशी तो खांब. वर सोलरची पाटी, खाली कंपनीचं चिन्ह. शेताच्या मागच्या बाजूने एक ओढा येऊन नदीला मिळतो, म्हणजे पाणी वाढलं तर ती पट्टी दोन्हीकडून कोंडली जाते. हे मी आत्ता लिहिते आहे तसं तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. ऊन चांगलं होतं आणि मी साडीला चिखल लागू नये एवढंच बघत होते.

दुपारचे तीन वाजले असतील. दहाबारा बायका खुरपत होत्या, त्यांत सुनीताही. सलीमभाई जीप घेऊन गावाच्या बाजूला थांबले होते. निखिल खांबाशी, पाहुणे यायच्या आत सोलरची पाटी पुसून, एक सैल झालेला स्क्रू आवळत होता. टॅब त्याने खांबाच्या चौथऱ्यावर ठेवला होता.

कौसाबाईंचा बटणांचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, "व्हय" एवढंच म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या.

"पानी आलं, निघा!"

बायका उठल्या. एकीनेही कुठलं, किती, केव्हा विचारलं नाही. खुरपी कमरेला खोचली, डबे उचलले, आणि ओळीने फरशीकडे चालू लागल्या. मी तिथेच उभी. आभाळ निळं होतं, नदी घोट्याएवढी होती. मी ओरडून निखिलला विचारलं, "काय दाखवतोय?"

त्याने टॅब पाहिला. "काही नाही मॅडम, सामान्य आहे. हिरवा आहे."

आणि मी थांबले. हे लिहायला मला लाज वाटते, पण थांबले. ज्या बाईच्या घरात पाण्याची रेघ आहे, जिने एका सकाळी गॅसचं सिलिंडर स्वतः ओढत माडीवर नेलं आहे, ती हिरवा आहे म्हणून थांबली. पडद्यावरचं मराठी माझं होतं, त्यामुळे विश्वास जरा जास्तच बसला असावा.

सुनीता परत आली आणि तिने माझं मनगट धरलं. "ताई, ते हिरवं नका बघू. चला."

फरशीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पाणी गढूळ झालं होतं आणि वरून काटक्या, पानं, एक प्लॅस्टिकचा मग वाहत येत होता. आम्ही हात धरून साखळी केली. कौसाबाई सगळ्यांच्या मागे. त्या खांबाशी थांबल्या.

"चला ओ साहेब."

"दोन मिनिटं मावशी. एवढा स्क्रू बसवतो. अलर्ट नाहीये अजून."

"स्क्रू राहू दे. चल."

"मावशी, खरंच, सामान्य आहे."

कौसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं. मग वाकून तो टॅब उचलला, पदराखाली घेतला, आणि साठीची ती बाई फरशीवरून धावत सुटली.

"मावशी! अहो मावशी, तो कंपनीचा आहे!"

निखिल स्क्रूड्रायव्हर टाकून तिच्यामागे धावला. मी साखळीतून मागे वळून पाहत होते. पुढे नऊवारी वर खोचून धावणारी बाई, मागे निळ्या शर्टातला मुलगा, आणि त्याच्या मागे, वळणावरून, मातीच्या रंगाची एक भिंत. आवाज एखादा रिकामा ट्रक खडीवरून यावा तसा. पाणी माझ्या गुडघ्याला लागलं, एक चप्पल गेली, सुनीताने हिसका दिला, आणि गावाच्या बाजूने सलीमभाईंनी, छातीएवढ्या चढावर पोटावर झोपून, माझा दंड धरला. निखिल सगळ्यात शेवटी वर आला, शेवटची चार पावलं कंबरभर पाण्यातून. त्याला वर ओढताना सलीमभाईंनी ज्या काही शिव्या दिल्या त्या भाषांतराच्या पलीकडच्या होत्या.

कौसाबाईंनी पदराखालून टॅब काढून त्याच्या हातात दिला.

"घ्या तुमचा. आता बघा, काय म्हनतोय."

निखिलने पाहिलं. सामान्य. हिरवा.

खांब, बॅटरी वाचावी म्हणून, अर्ध्या तासाने एकदा पाणी मोजतो, हे त्याने मला नंतर, दात वाजत असताना, सांगितलं. मधल्या वेळात नदीने थांबायचं असतं.

पाणी शेतात शिरलं. अद्रकीचे दांडे आधी एका बाजूला झुकले, मग दिसेनासे झाले. खांब थोडा वेळ थरथरला, वाकला, आणि सोलरच्या पाटीसकट निघाला. त्याच क्षणी माझ्या पर्समधला फोन वाजला, निखिलचाही वाजला. मी घाईने पाहिलं. अखेर इशारा आला होता. मजकूर माझाच: 'आपल्या परिसरातील उपकरण जागेवरून हलविण्यात आल्याचे आढळून आले आहे. सार्वजनिक मालमत्तेची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. कृपया नजीकच्या पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.'

पाणी अर्ध्या तासाने मोजायचं होतं. चोरीवर मात्र अखंड लक्ष होतं.

दहा मिनिटांनी सुनीताचा फोन वाजला. वाळूजला चहाची सुट्टी झाली होती. नवऱ्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, "अगं, खांब कुनी चोरला?"

सुनीता हसली आणि हसता हसता मटकन खाली बसली. कौसाबाई चढावावर उभ्या राहून पलीकडे बघत होत्या. उन्हाळ्यात लावलेली, चार महिने पाणी देऊन, माती चढवून वाढवलेली अद्रक जिथे होती तिथे आता नुसतं फिरणारं पाणी होतं.

"गेली," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, "गेली." बस, तेवढंच.

निखिल त्यांच्याजवळ गेला. "मावशी, मी..." त्याचे ओठ निळे पडले होते.

त्यांनी त्याच्या खांद्यावर स्वतःचा पदर टाकला. "आई हाय ना तुला?"

"सिडकोत."

"फोन लाव तिला. भिजलो म्हनून सांगू नको. जेवलो म्हन."

चिखलात

सकाळी पाणी उतरलं. नुकसानीची नोंद सावधसखातूनच करायची होती. तीन पायऱ्या, माझंच मराठी. सुनीताच्या फोनवर आम्ही पहिली पायरी उघडली. 'कृपया आपल्या शेतात उभे राहून छायाचित्र काढा.' आम्ही चढावरून फोटो काढला. 'आपण आपल्या शेताच्या हद्दीत नाही.'

कौसाबाईंच्या शेताचा निम्मा तुकडा आता नदीत होता. "चला मग," त्या म्हणाल्या. फरशी शाबूत होती. आम्ही तिघी आणि निखिल पलीकडे गेलो आणि गाळात उतरलो. मांडीपर्यंत. माझी उरलेली चप्पलही तिथेच आहे. निखिल टॅबवर हद्द बघून सांगत होता, "मावशी, अजून डावीकडे. अजून थोडं. बस, आता तुम्ही शेतात आहात." कौसाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.

फोटो काढला. 'छायाचित्रात पीक आढळले नाही. कृपया पिकासह छायाचित्र काढा.'

सुनीताने मोठ्याने वाचलं. कौसाबाईंना वाटलं, ती चेष्टा करते आहे. तिने पुन्हा वाचलं. मग कौसाबाई वाकल्या, गाळात कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ चाचपून अद्रकीचा एक गड्डा काढला, मोडक्या दांड्यासकट. पाण्यात धुतला, छातीशी धरला आणि फोनाकडे सरळ बघत उभ्या राहिल्या. शाळेतल्या फोटोला मुली उभ्या राहतात तशा.

अ‍ॅपने विचार केला. 'नोंदणीकृत पीक: आले. आढळलेले पीक: हळद. अर्ज स्वीकारता येत नाही.'

निखिलने टॅब काखेतून काढला, मिटला आणि बाजूच्या दगडावर उपडा ठेवला. "मावशी, तलाठी साहेबांना फोन करतो," तो म्हणाला. "त्यांना डोळे आहेत."

तलाठी दुपारी आले, पँट वर दुमडून शेत फिरले, कागदावर पंचनामा लिहिला, बायकांच्या सह्या घेतल्या. जाताना म्हणाले, ऑनलाइनही भरावं लागेल. तोवर निखिल कौसाबाईंच्या ओट्यावर वही घेऊन बसला होता आणि घरोघरच्या बायकांचे नंबर लिहून घेत होता, नवऱ्यांचे खोडून. संध्याकाळी क्रांती चौकातून त्याला वरिष्ठांचा फोन आला. खांबाचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. गावाचा ठिपका अजून हिरवाच आहे, त्यामुळे पाहुण्यांचा दौरा ठरल्याप्रमाणे होईल, असं कळवायला फोन होता. शेवटचं मोजलेलं पाणी सामान्य होतं, आणि खांब नसल्यामुळे त्यानंतर पाणी वाढायला वावच नव्हता.

परत आल्यावर

पाहुणे येऊन गेले. त्यांना दुसऱ्या गावचा खांब दाखवला म्हणे. कौसाबाईंचा अर्ज ऑनलाइन 'प्रक्रियेत' आहे. तलाठ्यांच्या कागदावर मात्र थोडी मदत आली, आणि कौसाबाईंनी वरच्या तुकड्यात गहू पेरला. निखिलच्या वहीतले नंबर कंपनीने घेतले. ही एक गोष्ट खरोखर झाली.

मी कंपनीला लिहिलं की माझा इशारा काढून टाका आणि त्याजागी 'पाणी आलं, निघा' एवढंच पाठवा. दोन आठवडे बैठका झाल्या. हे फार ठाम आहे, पाणी नाही आलं तर कंपनी अडचणीत येईल, असं कायदा विभागाचं मत पडलं. शेवटी संमत झालेला मजकूर मला तपासायला आला: 'पाणी आले असण्याची शक्यता असून निघण्याचा विचार करावा.' मी तो तपासला नाही. ते काम मी सोडलं. यशोगाथाही लिहिली नाही. ती पुण्यात कोणी तरी लिहिली.

फक्त एक काम, पाहुणे यायच्या आधी, केलं होतं. पुस्तिकेत लाभार्थीच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं आणि कौसाबाईंचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन लावला, त्या बोलल्या तसं शब्द न शब्द उतरवून पाठवलं. पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर कौसाबाईंचा गड्डा छातीशी धरलेला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'खांब लई कामाचा हाय.'

पुढचं वाक्य जागेअभावी गाळलं असावं. फोनवर कौसाबाई म्हणाल्या होत्या, "लिहा ताई, खांब लई कामाचा हाय. तो वाहून गेला म्हंजी समजतंय, आता कुनाची वाट बघायची नाय."